घरच्या अँप्लिफायरला रॅक कॅबिनेट: तयार आणावं, भंगारात शोधावं की कुपवाडला करून घ्यावं?

सर्किट वाजायला लागलं, ट्रान्सफॉर्मर ठरला, आता सगळं १९ इंची रॅकमध्ये, म्हणजे यंत्रं एकावर एक स्क्रूनं बसवायच्या ठरावीक मापाच्या चौकटीत, बसवायचं आहे. सांगली-मिरजेकडच्या माणसापुढे तीन वाटा आहेत. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारं तयार कॅबिनेट आणायचं, बंद पडलेल्या अँप्लिफायरचा सांगाडा भंगारातून उचलायचा, नाहीतर ड्रॉइंग काढून कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत पत्रा कापून-वाकवून घ्यायचा. साताऱ्याकडच्यांना तिथल्या एमआयडीसीत हेच करता येईल. मी तिन्ही वापरून आता तिसऱ्यावर स्थिरावलो आहे, पण प्रत्येकाला तीच वाट सोयीची पडेल असं नाही.

भंगाराचं आधी उरकतो. जुन्या पॉवर अँप्लिफायरचा सांगाडा चांगल्या स्थितीत मिळाला तर सोडू नये. जड ट्रान्सफॉर्मरसाठी तळाला पट्टी, हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांची) आणि पंख्याची जागा, सगळं आयतं असतं. अडचण दर्शनी बाजूची. जुनी भोकं झाकायला वरून २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली की जाडी साडेतीन मिमीच्या पुढे जाते आणि आवाजाच्या गोल बटणामागच्या पॉटला नट धरण्यापुरते आटे उरत नाहीत. नेटवर्क स्विचचे एक यू उंचीचे डबे (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप, एक यू म्हणजे सुमारे ४४ मिमी) स्वस्त दिसतात, पण त्यात मोठा टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर, मावत नाही. शिवाय तसाच दुसरा सांगाडा पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही, त्यामुळे जोडीनं दोन मोनोब्लॉक (एकेका स्पीकरचे वेगळे अँप्लिफायर) करायचे असतील तर या वाटेला न गेलेलं बरं.

तयार कॅबिनेटची बाजू मला मांडावीशी वाटते, कारण एकच नग हवा असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. पैसे दिले, हातात आलं. फक्त दुकानात टेप काढून मोजा. दोन्ही कानांच्या (पॅनेलच्या दोन बाजूंना रॅकला स्क्रू लावायच्या पट्ट्यांच्या) भोकांच्या मध्यांतलं अंतर ४६५ मिमी हवं, नुसत्या बॉडीची रुंदी ४४० च्या आत हवी आणि दोन यूच्या पॅनेलची उंची ८८ मिमी हवी. ‘रॅक टाइप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅबिनेटांचे कान शोभेपुरते असतात. रॅकच्या उभ्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे रेल्समध्ये, धरलं की स्क्रू जागेवर येत नाहीत. बास, ट्रेबल, माइक अशी भोकं आधीच पाडलेलं पॅनेल असेल तर ते टाकून नवं करावं लागतं, तो खर्च मनात धरावा.

एवढं सगळं मी चालवून घेतलं असतं. निर्णय झाला तो झाकणाच्या स्क्रूंवर.

तयार कॅबिनेटचं झाकण बहुधा पत्र्यात स्वतःच आटे पाडणाऱ्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूंनी बसवलेलं असतं, आणि ज्यात ते घुसतात तो पत्रा पातळ. कारखान्यातून आलेलं यंत्र दोन-चार वर्षांतून एकदा उघडतं, त्याला हे चालतं. आपण घरी केलेलं यंत्र सारखं उघडावं लागतं: आज बायस (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट) लावायचा, उद्या कपॅसिटर बदलायचा, परवा हम (स्पीकरमधली गुणगुण) शोधायचा. सेल्फ-टॅपिंग स्क्रू दर वेळी पत्र्यातले आटे थोडे खातो. चार-पाच उघडझापीत एखादा नुसताच फिरायला लागतो, मग त्याच्या शेजारचा. ढिल्या झाकणाला ट्रान्सफॉर्मरची १०० हर्ट्झची थरथर लागते आणि हळू आवाजात ऐकताना ती कान पोखरते.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पावडर कोटिंग, म्हणजे पावडरचा भट्टीत पक्का केलेला रंग, वीज वाहू देत नाही. रंगवलेलं झाकण रंगवलेल्या बॉडीवर टेकलं तरी दोघांत विजेची जोड नसते. जी काही जोड असते ती स्क्रूच्या आट्यांतून. आटे गेले की झाकण अर्थिंगपासून तुटतं. मग झाकणाला हात लावला की स्पीकरमधला आवाज बदलतो, आणि माणूस बोर्डावरची ग्राउंडिंग उकलत बसतो. २३० व्होल्टची सुटलेली वायर अशा झाकणाला लागली तर फ्यूज उडणार नाही, झाकण जिवंत होईल. म्हणून कुठलंही कॅबिनेट घ्या, इनलेटच्या, म्हणजे वीज आत घेणाऱ्या सॉकेटच्या, अर्थ पिनेपासून प्रत्येक पत्र्यावरच्या रंग खरवडलेल्या जागेपर्यंत मीटर ओहमवर ठेवून लावा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो, जवळपास तोच यायला हवा.

तयार कॅबिनेटमध्ये यावर उपाय नाही असं नाही. भोकं मोठी करून रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखे बसणारे आट्यांचे नट) मारता येतात, रंग खरवडून दातेरी स्टार वॉशर घालता येतात. पण एवढं सगळं करायचं तर तयार घेण्याचा फायदा निम्मा गेला.

करून घेताना हे पहिल्यापासून ठरवता येतं. मी १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादाचा) पत्रा सांगतो. तळ, मागची बाजू आणि दोन्ही कुशी एकाच पत्र्यातून, कुशींना वर १५ मिमीची आत वळलेली घडी. झाकण सपाट, पुढे ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमचं वेगळं पॅनेल. दोन यूसाठी बॉडीची उंची ८२ मिमीच ठेवतो, म्हणजे स्क्रूची डोकी वरच्या यंत्राला घासत नाहीत. कानांतल्या खाचांमधलं उभं अंतर ७६.२ मिमी. घडीत एम४ रिव्हनट, त्यांना ६ मिमीचं भोक.

रिव्हनट रंगाआधी मारायचे की नंतर, हा प्रश्न शीटमेटलवाला विचारत नाही, तुम्हीच सांगा. नंतर मारले तर आटे स्वच्छ राहतात, पण नट रंगावर बसतो आणि अर्थिंगची जोड बेभरवशाची होते. आधी मारले तर नट कोऱ्या पत्र्याला घट्ट धरतो, पण आट्यांत पावडर भरते. मी आधी मारून घेतो आणि प्रत्येकात जुना स्क्रू पिळून मगच कोटिंगला देतो. झाकण जिथे टेकतं तिथे दोन-तीन जागी, वर आणि खाली समोरासमोर, रुपयाएवढे गोल उष्णता सोसणाऱ्या टेपनं झाकायला सांगतो. कोटिंगची भट्टी २०० अंशांच्या आसपास जाते, साधी चिकटपट्टी तिथे टिकत नाही. अर्थचा बोल्टही असाच झाका, आणि तो अर्थचाच ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टाखाली अर्थची वायर दाबू नका.

कोटिंगचा थर एका बाजूला ६० ते ८० मायक्रॉन असतो, म्हणून भोक दुपटीनं, साधारण ०.१५ मिमीनं, लहान होतं. माइक वगैरेच्या एक्सएलआर सॉकेटचं २४ मिमीचं भोक मी २४.२ काढतो, एम४ स्क्रूचं ४.५. भोकाची कड वाकवायच्या रेषेपासून पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट तरी लांब ठेवा, नाहीतर वाकवताना भोक लंबगोल होतं. पावसाळ्यात कापलेला पत्रा पडून राहू देऊ नका. कृष्णाकाठच्या हवेत कोऱ्या कडा पटकन तांबूस होतात आणि त्यावर रंग धरत नाही.

जड टोरॉइड असेल तर तो पुढच्या पॅनेलजवळ घ्या, कानांवरचा ताण कमी होतो. मग इनपुटच्या वायरी विरुद्ध कुशीनं न्या. यंत्र टेम्पोतून फिरणार असेल तर मागूनही आधार हवाच. टोरॉइडच्या मधल्या बोल्टाचं वरचं टोक झाकणाला लागता कामा नये. लागलं की बोल्ट, झाकण आणि बॉडी मिळून शॉर्ट झालेला एक वेढा तयार होतो, मोठा करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. गणपतीच्या मिरवणुकीत जाणाऱ्या अँप्लिफायरच्या झाकणाला झरोके ठेवूच नका. गुलाल सरळ बोर्डावर पडतो. हवा पुढून फिल्टरमधून घ्या आणि मागे पंख्यानं काढा.

करून घेण्यातला खरा अडथळा नगाचा. एका नगासाठी कुणी मशीन लावायला राजी नसतं, कारण सेटिंगला एकाला लागतो तेवढाच वेळ पाचांनाही लागतो. दोघा-तिघांनी मिळून एकच बॉडी ठरवावी आणि पुढचं पॅनेल तेवढं प्रत्येकानं वेगळं कापून घ्यावं. रंग काळा टेक्स्चर सांगितला तर चालू लॉटमध्ये लागून जातो, खास रंगासाठी थांबावं लागतं. एकटेच असाल, बाहेरून सप्लाय घेणारा एक यूचा प्रीअँप (पॉवर अँप्लिफायरच्या आधी लागणारं यंत्र) असेल आणि तो फार उघडावा लागणार नसेल, तर तयार कॅबिनेट घ्या आणि झाकणाला पहिल्याच दिवशी रिव्हनट मारून घ्या. पॉवर अँप्लिफायर असेल तर मी कुपवाडलाच जाईन. ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये (कॅड ड्रॉइंगच्या फाइलचा एक प्रकार), एकास एक मापात, कापायच्या आणि वाकवायच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवून द्या, आणि मापं बाहेरून बाहेर आहेत हे त्यावर लिहा.