गॅसबंदी की वीजसज्ज स्वयंपाकघर?

घरातला गॅस कमी करायला नियम करायचे, तर दोन वाटा दिसतात, आणि दोन्ही कॅलिफोर्नियात चालून झाल्या आहेत.

पहिली थेट बंदीची. बर्कली शहराने 2019 मध्ये नव्या इमारतींना गॅसची पाइपलाइन नाकारली. अमेरिकेतली अशी ती पहिलीच बंदी. रेस्टॉरंटवाल्यांची संघटना कोर्टात गेली, 2023 मध्ये अपील न्यायालयाने बंदी संघीय कायद्याविरुद्ध ठरवली आणि 2024 मध्ये शहराने ती मागे घेतली.

दुसरी वाट सौम्य. राज्याच्या 2022 च्या ऊर्जा संहितेनुसार नव्या घरात गॅसची शेगडी बसवली, तरी तिच्याजवळ विजेच्या शेगडीसाठी 240 व्होल्टची स्वतंत्र वायरिंग आणि पॅनेलमध्ये ब्रेकरची जागा ठेवावी लागते. पुढे बदलायचं तर भिंत फोडायला नको.

मुंबईसाठी मला ही दुसरी, सौम्य वाटच पटते. वांग्याचं भरीत, फुलका, पापड यांना आच लागते; बंदी इथे घराघरात भांडण लावेल. पण पुनर्विकासात चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, वायरिंग नव्याने होतेय. तेव्हाच ओट्याशी जाड वायर आणि 16 अँपिअरचे दोन पॉइंट घेणं स्वस्त पडतं. नंतर खर्च कितीतरी वाढतो, शिवाय मंजूर लोड (वीज कंपनीने मान्य केलेला वापर), राइझर (मजल्यामजल्यावर वीज नेणारी मुख्य वायर), मीटर-रूम सगळंच अपुरं पडतं. दोन इंडक्शन एकदम लावले की साधारण 4 किलोवॅट. त्यावर एसी, गीझर.

सोसायटीने बिल्डरशी करार करतानाच हे लिहून घ्यावं. ताबा मिळाल्यावर कोणी ऐकत नाही.