कुत्र्याच्या गुडघ्याचा पट्टा: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून काय वाटलं

घाईत असाल तर एवढंच वाचा, हा पट्टा गुडघ्याची वाटी जागेवर बसवत नाही. ऑनलाइन 'वाटी सरकणं कायमचं बंद' असं लिहून विकतात ते साफ खोटं आहे. पण म्हणून फेकून द्यायची वस्तू आहे असंही नाही, आमच्याकडे तो अजून रोज संध्याकाळी शेरूच्या पायावर चढतो आणि त्याचा फायदा दिसतो, फक्त तो फायदा कुठला आणि किती हे माहीत असलं पाहिजे. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तोच पट्टा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तेच.

शेरू आमचा पॉमेरियन, सहा वर्षांचा, आपल्याकडे असतो तसला जरा मोठ्या अंगाचा. चालता चालता मागचा डावा पाय अचानक वर घ्यायचा, तीन पायांवर चार उड्या मारायच्या, मग पाय मागे झटकायचा आणि जणू काही झालंच नाही असं पुढे चालायचं. लेक म्हणायची शेरू लंगडी खेळतोय. ओरडत नाही, पायाला हात लावू देतो, खातोपितो नीट, त्यामुळे दुखत असेल असं वाटतच नाही. नंतर डॉक्टरांनी पाय सरळ करून, हळूच फिरवून, अंगठ्याने वाटी ढकलून दाखवली, टक्कन आत सरकली आणि पाय ताणला की परत जागेवर. डावा पाय ग्रेड २, उजवा ग्रेड १. एक्स-रे काढला तो खुबा ठीक आहे ना आणि सांध्यात झीज सुरू झालीय का ते बघायला, वाटीचं निदान मात्र हातानेच झालं.

ग्रेडचं थोडक्यात सांगते कारण पट्टा घ्यायचा की नाही ते यावरच ठरतं. १ म्हणजे हाताने ढकलली तरच वाटी सरकते आणि सोडली की परत येते. २ म्हणजे आपोआप सरकते, पण कुत्र्याने पाय ताणला किंवा आपण बसवली की बसते. ३ म्हणजे बहुतेक वेळ बाहेरच, हाताने बसवली तरी पुन्हा निसटते. ४ म्हणजे कायमची बाहेर, हाताने बसतच नाही. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते, त्यात वाटी वरखाली सरकते, स्लायडिंग खिडकी चॅनेलमध्ये सरकते तशी. चॅनेलच उथळ असेल आणि ओढणारा स्नायू तिरका ओढत असेल तर खिडकी रुळावरून उतरणारच. छोट्या जातींमध्ये बहुतेक वेळा आतल्या बाजूला सरकते, पॉम, चिहुआहुआ, यॉर्की, टॉय पूडल यांच्यात तर फारच, आणि बऱ्याच कुत्र्यांच्या दोन्ही पायांत असते, म्हणून एकाच पायाचं निदान झालं असेल तर दुसरापण तपासून घ्या. आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं ठाम मत की कॅल्शियम कमी पडलंय, रोज दूध द्या. तसं काही नसतं हो, ही पायाची जन्मजात ठेवण आहे, दुधाने खाच खोल होत नाही.

आता पट्ट्याबद्दल. दोन प्रकार मिळतात. एक नुसती बाही, गुडघ्यावर चढवायची आणि वेल्क्रो लावायचा. दुसऱ्याला पाठीवरून आणि पोटाखालून पट्टे असतात, म्हणजे बाही वरून बांधलेली राहते. पहिला अजिबात घेऊ नका. कुत्र्याची मांडी वर जाड आणि खाली एकदम निमुळती, नुसती बाही दहा पावलांत घोट्यावर येऊन बसते, आणि खाली उतरलेला पट्टा गुडघ्याला आधार द्यायच्या ऐवजी पायात अडकतो. मी दुसरा घेतला, पंधराशेच्या आसपास पडला. माप कुत्रं उभं असतानाच घ्यायचं, मांडीचा घेर, गुडघ्याच्या खालचा घेर आणि पाठीची लांबी, आणि केसाळ कुत्र्याचं माप केस दाबून घ्यायचं नाहीतर एक साइज मोठा येतो.

शेरूने पहिल्यांदा घातल्यावर जो पुतळा झाला तो हलायलाच तयार नाही. नवऱ्याला वाटलं बिघडलं काहीतरी. हळूहळू सवय लावावी लागते, आधी दहा मिनिटं घरात, खाऊ देत देत, मग बाहेर. आता दाराशी पट्टा दिसला की फिरायला जायचं कळतं म्हणून स्वतःच येऊन उभा राहतो.

फायदा काय झाला तर फिरताना लंगडी घालणं बऱ्यापैकी कमी झालं, थांबलं नाही. पट्टा घातल्यावर तो एकदम वळत नाही, उड्या कमी मारतो, थोडा जपून चालतो, आणि मला तर वाटतं अर्धा फायदा याचाच आहे. थंडीत गुडघा उबदार राहतो हा दुसरा. आपल्याकडे नाशिकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे जी थंडी पडते त्यात तो उठताना आखडलेला असायचा, तेव्हा सकाळच्या फेरीलापण घालत होते. तोटे मात्र भरपूर. वेल्क्रोत केस अडकतात आणि काढताना ओढले जातात, खाली पातळ सुती कापडाची पट्टी घातली की बरं पडतं. जांघेत घासतं, रोज काढल्यावर केस बाजूला करून कातडी बघायची, लाल दिसली तर दोन दिवस सुट्टी. पावसाळ्यात तर वैतागच, ते निओप्रीनचं जाड कापड एकदा भिजलं की वाळत नाही, वास मारतं, आणि ओलं तसंच घातलं तर कातडीला काहीतरी होणारच. उन्हाळ्यात दुपारी नको, गरम होतं. आणि नर कुत्रा असेल तर अजून एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत, पोटाखालचा पट्टा मुताने भिजतो! खांब दिसला की पाय वर, आणि घरी येऊन मी बेसिनपाशी पट्टा धुतेय. तो पट्टा जरा मागे सरकवून बांधला की कमी भिजतो.

रात्री घालून ठेवू नका, दिवसभर तर मुळीच नको. वाटीला खरा आधार मांडीचा स्नायू देतो आणि सगळं काम पट्ट्यावर सोपवलं तर तो स्नायूच आळशी होणार, हे आमच्या डॉक्टरांनी घेताना बजावलं होतं. फिरण्यापुरता घालायचा, घरी आल्यावर काढायचा.

आता खरी गोष्ट सांगते. पट्ट्याला पैसे घातले, पण सगळ्यात जास्त फरक पडला तो फरशीने. आपल्या फ्लॅटमध्ये सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, बेल वाजली की हा हॉलमधून दाराकडे धावणार, वळताना मागचे पाय घसरणार आणि गुडघा पिळला जाणार, दिवसातून कितीदा. मग जुन्या योगा मॅट कापून हॉल ते दरवाजा आणि किचनपर्यंत अंथरल्या. दिसायला बेकार दिसतं, सासूबाईंनी दिवाळीत पाहुणे येणार म्हणून एकदा गुंडाळूनही ठेवल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी शेरू परत लंगडायला लागल्यावर त्यांनीच परत अंथरल्या. सतरंजी किंवा गोधडी टाकू नका, ती स्वतःच सरकते आणि ते जास्त वाईट. पंजाच्या गाद्यांमधले केस कापायचे, पॉमचे तर मोज्यासारखे वाढतात आणि त्यानेच पाय घसरतो. नखंही वेळेवर. यातलं काहीच महाग नाही.

सोफ्यासाठी सुताराकडून प्लायची उतरण करून घेतली, वर जुनं कार्पेट चिकटवलं. पाच फूट लांब केली कारण छोटी केली की चढ जास्त होतो आणि तो बाजूने उडीच मारतो. चढायची उडी वाईट असतेच, पण पाहुणे आले की मागच्या दोन पायांवर उभं राहून नाचणं त्याहून वाईट, आणि लोकांना तेच गोड वाटतं, हात वर करून अजून नाचवतात. सांगून सांगून थकले. बॉल फेकणं पूर्ण बंद केलं, धावत जाऊन गर्रकन वळणं गुडघ्याला सगळ्यात वाईट. आणि ॲक्टिव्हा! आपल्याकडे निम्मी कुत्री पायाशी उभी राहून गंगापूर रोडने हिंडतात, गाडी थांबली की धाडकन खाली उडी. आता त्याला उचलून ठेवते आणि उचलूनच उतरवते.

दुसरा मोठा फरक वजनाने. शेरू ७.५ किलोचा झाला होता, फासळ्या हाताला लागतच नव्हत्या. त्याला कारण तूप लावलेली पोळी आणि चहाबरोबर बिस्किट, आणि ते कोण देतं हे घरात सगळ्यांना माहितीये. मी भांडले नाही, सासूबाईंना म्हटलं आई, द्यायचं असेल तर या डब्यातलं द्या, आणि डब्यात गाजर-काकडीचे तुकडे आणि त्याच्याच दिवसाच्या खाण्यातले मोजून काढलेले दाणे ठेवले. देण्याची हौस त्यांची भागते आणि पोटात जास्त जात नाही. आता ६ च्या थोडा वर आहे, हलकासा दाब दिला की फासळ्या लागतात, वरून बघितलं तर कंबर दिसते. लंगडणं बरंच कमी झालं ते याच काळात, त्यामुळे पट्ट्याचं श्रेय किती आणि वजनाचं किती हे मला प्रामाणिकपणे वेगळं काढता येत नाही.

खाऊवरून आठवलं, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला अजिबात देऊ नका, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, थोड्यानेही होऊ शकतं. कांदा शिजवलेलापण नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणजे नाशिक जिल्ह्याची दोन्ही नावाजलेली पिकं कुत्र्याला चालत नाहीत, आणि सीझनमध्ये प्रत्येक घरात द्राक्षाची पेटी जमिनीवरच ठेवलेली असते, वर ठेवा.

व्यायाम हवाच, बंद करून बसवून ठेवलं की स्नायू जातो. पण हळू. जोरात चाललं की कुत्रं दुखरा पाय उचलून बाकी तिघांवर भागवतं, हळू चालवलं की चारही पाय टेकवावेच लागतात. आम्ही सोमेश्वरच्या बाजूला मातीच्या रस्त्याने जातो, हलका चढ असेल तिथून, दोरी आखूड. घरी बस-ऊठ करून घेते, मॅटवर, सरळ बसायला लावून, एका कुशीवर कलंडून बसला की मोजत नाही. लाटणी जमिनीवर अंतराने ठेवून त्यावरून हळू चालवणं हे लेकीचं काम, तिला मजा येते.

गोळ्यांचं म्हणाल तर सांध्यांसाठीच्या ग्लुकोसामाइनवाल्या दिल्या, मला काही फरक कळला नाही, संपल्यावर परत आणल्या नाहीत. फिश ऑइल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलं ते चालू आहे, सांध्यांच्या सुजेला मदत होते म्हणतात, केस तरी चमकायला लागलेत. दुखणं वाढलं होतं तेव्हा डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलं होतं थोडे दिवस, जेवणानंतर. घरातली माणसांची गोळी मात्र कुत्र्याला कधीच नाही, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक सगळी धोक्याची. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून गिधाडांमुळे बंदच आहे, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. आपली दुखऱ्या पाठीची मलमं पण नको, चाटून पोटात जातात.

ग्रेड ३-४ वाल्यांनी पट्ट्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत. तिथे ऑपरेशनच, खाच खोल करतात आणि गरज असेल तर नडगीच्या हाडाचा स्नायू जोडलेला उंचवटा सरळ रेषेत सरकवून पिनने बसवतात, नंतर सहा-आठ आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या खोलीत आणि दोरीवरच. ग्रेड २ लासुद्धा वारंवार लंगडत असेल तर करतात. आणि अचानक पाय टेकवतच नाहीये असं झालं तर पट्टा बांधून बघत बसू नका, वाटी सरकणाऱ्या कुत्र्यांमध्ये गुडघ्यातला लिगामेंट तुटायची शक्यताही जास्त असते, लगेच दाखवा.

मध्यंतरी एक जण शेरूला मेटिंगसाठी मागायला आले होते, रंग छान आहे, पिल्लांना भाव येईल म्हणून. वाटीचं सांगितलं तर म्हणाले त्याने काय होतंय, दिसत तर नाही. तेच तर ना, पिल्लं विकताना दिसत नाही आणि नंतर घेणाऱ्याच्या घरी लंगडी सुरू होते. नाही म्हटलं. या जातींचं पिल्लू घेणार असाल तर आई-बापाचे गुडघे तपासलेत का ते विचारा, विकणाऱ्याला राग आला तर दुसरीकडे बघा.

पट्टा परत घेईन का, तर ग्रेड २ च्या कुत्र्यासाठी हो, पण मॅट आणि वजन झाल्यानंतर, आधी नाही. टिकायला बरा आहे, शिवण अजून शाबूत, फक्त वेल्क्रो केसांनी भरून पकड सोडतो. जुन्या टूथब्रशने किंवा बारीक कंगव्याने साफ केला की महिनाभर चालतो, आणि अगदीच गेला तर नवीन पट्टा मागवू नका, मी बॅगांच्या चेन बदलून देणाऱ्याकडून पन्नास रुपयांत नवीन वेल्क्रो शिवून घेतला, तो मूळच्यापेक्षा रुंद आहे आणि जास्त घट्ट बसतो.