नकशीच्या जुन्या बंदुका पाहायच्या, तर सोलापूरहून पुणे गाठावं की हैदराबाद?

हाताशी एकच सुट्टी आहे आणि सोन्याचांदीनं नटलेल्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं बार उडवायच्या, बंदुका कारागिरी म्हणून बघायच्या आहेत, तर माझं मत हैदराबादला.

पुणं सोयीचं, यात वाद नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघा, रात्री घरी. दिनकर केळकरांनी जमवलेल्या वीस हजारांवर वस्तूंत शस्त्रंही आहेत, पण त्या संग्रहालयाचा जीव अडकित्ते, दिवे, वज्री यांत आहे. मुलं बरोबर असतील तर तिथंच जा.

बंदुकीवरचं काम समजून घ्यायचं तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. त्याला कारण आहे. कोफ्तगिरीत, म्हणजे लोखंडावर सोनं चढवण्याच्या कामात, लोखंडावर आधी बारीक आडवे-उभे ओरखडे काढतात. आमच्या घरी माग होता, म्हणून मला त्यात ताणाबाणाच दिसतो. त्यावर सोन्याची केसासारखी तार ठेवून हलक्या हातानं ठोकतात. ओरखड्यांचे दाते तिला धरून ठेवतात, मग वरून घोटाई. हा थर इतका पातळ, की हात लागून लागून सोनं उडतं. म्हणून झळझळीत बंदुकीपुढेच रेंगाळू नका, झिजलेली शोधा. सोनं गेलेल्या जागी कारागिराचे ओरखडे उघडे पडतात आणि सगळी रीत कळते.

तहनिशांची गोष्ट वेगळी. तिथं नकशी खोल खोदून खाचेत सोनं किंवा चांदी ठोकून बसवतात. ती सहजी हलत नाही. हीच रीत बिदरीची, म्हणजे बिदरच्या धातूकामाची. फक्त लोखंडाऐवजी जस्त आणि थोडं तांबं. सालारजंगमध्ये बिदरीचे हुक्के, सुरया त्याच छताखाली आहेत. बंदुका पाहून लगेच तिकडे वळलात, तर वर चढवलेलं आणि आत बसवलेलं यांतला फरक डोळ्यांना आपोआप कळू लागतो. ही सोय पुण्यात नाही.

नळीही निरखा. उत्तम नळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकजीव करून घडवलेली असते. तिच्यावरच्या लाटा वरून काढलेल्या नसतात, त्या धातूतूनच उमटतात.

हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुक्काम धरूनच निघा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. तिथल्या दर तासाला वाजणाऱ्या घड्याळापुढे तास भरत आला की गर्दी लोटते. शस्त्रदालन तेवढ्यात निवांत पाहून घ्या.