गाव विलीन करायचं की वेगळं ठेवायचं? फ्रान्समधल्या छोट्या कम्यूनपुढचे दोन रस्ते

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून, म्हणजे स्वतःचा कारभार असलेली गावं-शहरं, आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी पाचशे माणसंही राहत नाहीत. तरी प्रत्येकाला आपापला मेअर आहे. म्हणून शेजारच्या गावांत मिसळण्याचा प्रस्ताव आला की लोक हळवे होतात, आणि ते मला अगदी समजतं.

वेगळं राहिलात तरी एकटे राहत नाही. ‘कोम्युनोते द कोम्यून’ (कम्यूनांचा समूह) किंवा तशा सामाईक संस्थेत असणं जवळपास प्रत्येक गावाला सक्तीचं आहे आणि कचऱ्याचं काम तीच बघते. शाळाही अनेकदा वाटून घेतलेली असते, धाकटी मुलं एका गावात आणि थोरली दुसऱ्या. गावाच्या गळ्यात उरतात रस्ते, दफनभूमी आणि चर्च. १९०५ पूर्वीची बहुतेक चर्च कम्यूनच्याच मालकीची आहेत. दोन-अडीचशे लोकांच्या गावाला गळकं छप्पर बदलायचं म्हटलं की घाम फुटतो.

विलीन झालात, तर २०१० च्या कायद्यानुसार ‘कम्यून नुव्हेल’, म्हणजे एक नवी कम्यून, होते. नॉर्मंडीत, चीजसाठी प्रसिद्ध असलेलं लिव्हारो आणि आणखी २१ गावं १ जानेवारी २०१६ ला अशीच एक झाली. जुनं गाव तिच्या पोटात ‘कम्यून देलेगे’ या वेगळ्या दर्जाने राहू शकतं. नाव टिकतं, मेअरचं छोटं ऑफिस राहतं, जन्म-विवाह-मृत्यूची नोंद तिथेच होते. गावोगावच्या घरपट्टीचे दर १२ वर्षांपर्यंत हळूहळू एका पातळीवर आणता येतात.

खरी अडचण पुढे येते. सुरुवातीला जुन्या गावांचे सगळे सदस्य नव्या कम्यूनच्या परिषदेत राहू शकतात, पण पुढच्या निवडणुकांनंतर जागा घटतात आणि लहान गावाचा एकही माणूस नसणं शक्य होतं. गावाचा उपमेअरही परिषदच निवडते, आणि गावांचा हा वेगळा दर्जा ती रद्दही करू शकते. एकदा मिसळल्यावर बाहेर पडणं फार जड जातं.

माझं मत असं: छप्पर स्वतःच्या पैशांतून होत असेल आणि मेअरपदासाठी माणूस मिळत असेल, तर घाई करू नका. शाळा आधीच एक असेल आणि निवडणुकीला कोणी उभंच राहत नसेल, तर विलीन व्हा. मात्र कोणतं ऑफिस किती दिवस उघडं राहणार, कोणतं काम आधी होणार, हे करारनाम्यात लिहून घ्या. त्याला कायद्याचं बळ नसतं, पण उद्याच्या परिषदेसमोर ठेवायला कागद तरी हातात राहतो.

आणि सगळ्या गावांच्या रस्त्यांची यादी आधीच एका टेबलावर मांडा. ‘चर्च रस्ता’ पाच गावांत निघाला, तर चार गावांतल्या लोकांना पत्ता बदलावा लागू शकतो. कोणाचं नाव राहणार, हे सह्या होण्याआधी ठरवा.