दोरा कुठं थांबला ते सांगणारं वाचनालय

कोल्हापुरात मिरजकर तिकटीकडून खासबागेकडं वळलं की सायकल दुरुस्तीच्या एका दुकानावर हे वाचनालय आहे. पाटी लहान, अक्षरं पावसानं पुसट झालेली, त्यामुळं पहिल्यांदा येणारा माणूस हमखास पुढं निघून जातो. जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारावी, मालक पुस्तक घेऊन स्वतः उतरतात. अनामत ५०० रुपये, महिन्याची वर्गणी १५०, एका वेळी दोन पुस्तकं. सोमवारी बंद. पैसे रोख द्यावे लागतात.

मी फुलेवाडीतून केएमटीच्या बसनं इथं येते, नऊ वर्षं झाली. आधी नुसती सभासद होते. आता माझ्या कथामालिकेचे पाच भाग इथल्या खिडकीजवळच्या कपाटात आहेत, म्हणून हा अभिप्राय वाचकापेक्षा लिहिणाऱ्या बाईचा जास्त आहे. जिला मालिका खपवायची आहे आणि तिच्यातून चार माणसांपर्यंत काही पोचवायचंही आहे, तिनं इथं महिन्यातून एकदा तरी यावं.

शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकवीस वर्षं शिकवलं. वर्गातल्या एखाद्या पोराचे वडील गेले, की महिन्याभरानं त्याची आई शाळेत यायची ती मोकळं कपाळ आणि रिकामे हात घेऊन. गॅदरिंगला आली तरी मागं भिंतीला टेकून उभी. पुढं या म्हटलं तर मान हलवायची. निवृत्त झाल्यावर मी लिहायला बसले ते या बायांसाठी. माझी कांचन चौतिसाव्या वर्षी विधवा झाली आहे आणि एसटी स्टँडच्या मागं खानावळ चालवते. ड्रायव्हर, कंडक्टर, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं तिच्याकडं जेवतात आणि जेवताना बोलतात. त्या बोलण्यातूनच प्रत्येक भागात एक भानगड तिच्यासमोर येते. कधी लग्नघरातलं हरवलेलं सोनं, कधी सातबाऱ्यावरून उडवलेलं बहिणीचं नाव. ती कुंकू लावते. का लावते, हे पहिल्या भागात कुणी तिला विचारत नाही आणि ती सांगत नाही.

दुसऱ्या भागात मी तिला सांगायला लावलं, आणि तिथंच चुकले.

ही चूक मला या वाचनालयानं दाखवली. मालक प्रत्येक पुस्तकाला घरी पुठ्ठा चढवतात आणि कण्यात खुणेसाठी एक जाड लाल दोरा शिवतात. पुस्तक परत आलं की दोरा पहिल्या पानावर नेण्याआधी तो कुठं थांबलाय ते बघतात आणि नोंदवहीत सभासदाच्या क्रमांकापुढं पान लिहून ठेवतात. मी इतकी वर्षं पुस्तकं नेत होते, पण हे मला ठाऊक नव्हतं. तीन भाग कपाटात लागून पाच महिने झाले तेव्हा त्यांनी वही माझ्यापुढं उघडली. "बाई, दुसरा भाग अकरा जणांनी नेला. सात जणांचा दोरा बहात्तरच्या आसपास थांबलाय. काय हाय तितं?"

काय आहे ते मला पाठ होतं. ७१ व्या पानावर कांचन भावकीपुढं उभी राहते आणि चार पानं बोलते. बांगड्या फोडण्याबद्दल, जोडवी काढण्याबद्दल, बाईच्या जगण्याच्या हक्काबद्दल. लिहिताना मला रडू आलं होतं. छापून आल्यावर एका कार्यक्रमात मी तीच पानं वाचून दाखवली होती आणि टाळ्या पडल्या होत्या. इथं मात्र सात माणसांनी तिथं पुस्तक मिटलं होतं, आणि त्यांच्यापैकी एकानंही तिसरा भाग नेला नव्हता.

घरी ट्रंकेत दुसऱ्या भागाच्या १४० प्रती शिल्लक होत्या. त्या मी विकल्या नाहीत. भाषण काढून त्या जागी संक्रांतीचं हळदीकुंकू घातलं. कांचन तिळाच्या पोळ्यांची ऑर्डर पोचवायला त्या घरी जाते. यजमानीण सगळ्यांना वाण देते आणि तिच्यासमोरून नुसती पुढं सरकते. हरवलेल्या पाटल्यांचा माग ज्या कुंकवाच्या करंड्यात आहे, तो करंडा तिच्यापासून हातभर अंतरावर. तिनं त्याला हात लावल्याशिवाय चोर सापडायचा नाही, आणि हात लावायला तिला मनाई. आता भानगडीची गाठ आणि मला सांगायचं होतं त्याची गाठ एकच झाली. वाचणाऱ्याला चोर हवा असतो, म्हणून तिनं करंड्याला हात लावावा असं त्यालाच वाटायला लागतं. २०० प्रती नव्यानं छापल्या. पदरचे पैसे गेले, पण वहीतले पुढचे दोरे शेवटच्या पानावर आहेत आणि तिसऱ्या भागाचा पुठ्ठा आता मळलाय.

मालिका चालवण्याबद्दलची दुसरी गोष्टही मला इथंच कळली. कांचनच्या सासूला मी खलनायिका म्हणून लिहिलं होतं. मालक म्हणाले, "बायका विचारत्यात, म्हातारी म्होरल्या भागात हाय न्हवं?" मी चमकले. 'हम लोग' या १९८४-८५ मधल्या दूरदर्शन मालिकेचं असंच झालं होतं. मेक्सिकोतले टीव्ही-निर्माते मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात मालिकेतून शिकवण पोचवायची जी रीत बसवली, तिच्यावरून ती मालिका बेतलेली होती. या रीतीत पात्रं तीन तऱ्हांची असतात. एक चांगल्या वाटेवरचं, एक वाईट वाटेवरचं आणि एक मधलं, जे डळमळत डळमळत बदलतं. बघणारा माणूस त्या मधल्याबरोबर चालतो. 'हम लोग'मध्ये सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, प्रेक्षकांनी तक्रार केली आणि तो कमी करावा लागला. शिवाय सगळं निमूट सोसणारी आई, भागवंती, असं होऊ नये म्हणून उभी केली होती, तर कितीतरी बायकांना तीच आदर्श वाटली. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं स्वतःच्या लिखाणात दिसायला मात्र वही समोर यावी लागली.

मग चौथ्या भागापासून मी सासूला मधलं पात्र केलं. ती स्वतः एकोणतिसाव्या वर्षी विधवा झालेली. तिचा कांचनवरचा राग कुठून येतो ते हळूहळू उलगडत नेलं. पाचव्या भागाच्या शेवटी ती महाद्वार रोडवर जाऊन हिरव्या बांगड्या घेते, सुनेच्या मापाच्या. स्वतःच्या हाताकडं ती बघतही नाही. माझ्या पाच भागांत मला सगळ्यात जवळचं पान तेच आहे.

चौथ्या भागाच्या वेळचं आणखी एक सांगते. मे २०२२ मध्ये आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं असं आवाहन केलं. मला तो ठराव जसाच्या तसा गोष्टीत घालायचा होता. मालकांनी पुठ्ठा चिकटवता चिकटवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठराव पेपरात आलाय बाई. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात काय झालं, त्ये तुमी सांगा." चौथा भाग तिथूनच सुरू होतो. गाव काल्पनिक आहे. सकाळची वेळ, नळावर रांग आहे, आणि काल हात वर केलेली एक बाई आज कांचनला वळसा घालून जाते.

करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालचं, शहराचं मोठं ग्रंथालय. मी तिथंही जाते आणि जुनं वाचायचं तर तिथंच जावं. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं आणि तरुण विधवेची गोष्ट त्यातून हप्त्याहप्त्यानं लोकांपर्यंत नेली. त्या साप्ताहिकाचं नाव त्यांनी 'करमणूक' ठेवलं होतं. त्यांच्या धोरणाचा मी अलीकडं फार विचार करते.

व्यवहाराचं सांगायचं तर हे वाचनालय नव्या भागाच्या दोन प्रती घेतं, पंचवीस टक्के कमिशन कापून पैसे त्याच दिवशी हातात. दुसऱ्या एका विक्रेत्याकडं माझे अठरा महिन्यांचे पैसे अडकले होते, म्हणून मला याचं मोल आहे. कण्यावर भागाचा आकडा मोठा छापा, हे मालकांनीच सांगितलं, कारण कपाटात पुस्तकाचा फक्त कणा दिसतो. पहिल्या भागाची किंमत मी इतरांपेक्षा कमी ठेवली तीही त्यांच्या सांगण्यावरून. चौथा भाग आला तेव्हा पहिल्याच्याच जास्त प्रती गेल्या. नवा भाग जुन्याला गिऱ्हाईक आणतो, आणि म्हणून प्रत्येक भागाची भानगड त्याच भागात मिटली पाहिजे. पुढच्यासाठी घरातली एखादी गाठ उघडी राहिली की पुरे.

आता तक्रारी. तीन भाग तयार असल्याशिवाय इथं मालिका कपाटात लागत नाही. अर्धवट सुटलेल्या मालिकांनी वाचक फसतो, हे मालकांचं म्हणणं मला पटतं. तरी त्या नियमापायी मी दोन वर्षं थांबले. ज्यांची एकच भाग छापायची ऐपत आहे, त्यांनी काय करायचं? मी हे त्यांना तीनदा बोलले आहे. दुसरं म्हणजे ओल. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीकडची भिंत पाझरते आणि नेमकी मालिकांची कपाटं तिथं आहेत. तिसरं, सगळा कारभार एका माणसावर. गेल्या दिवाळीत ते आजारी पडले तर तीन आठवडे कुलूप होतं. त्या नोंदवह्यांची कुणीतरी दुसरी प्रत करून ठेवायला हवी. मी करायला तयार आहे, त्यांनी हो म्हणायचं आहे.

येत्या मंगळवारी मी जाणार आहे. तिसऱ्या भागाच्या एका प्रतीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय. बदलून द्यायची प्रत पिशवीत भरून ठेवली आहे, दोरा मालक शिवतील.