नियम माहीत नसणाऱ्यांसाठी खेळाचे सिनेमे: कोणता चालतो, कोणता अडतो

'लगान'च्या शेवटी एक नो-बॉल पडतो. नो-बॉल म्हणजे काय हे ठाऊक नसलेला प्रेक्षकही त्या क्षणी खुर्चीच्या कडेला येऊन बसतो, कारण त्याच्यापुरता अर्थ सरळ आहे: सामना संपला असं वाटत होतं, तो संपलेला नाही, आणि आता फलंदाजीला कचरा नावाचा गडी नसून नायक भुवन आहे. 'आम्हाला खेळातलं काही कळत नाही, आम्ही नाही बघत असले सिनेमे' म्हणणाऱ्यांनी पहिल्यांदा हे दृश्य पाहावं. अडचण खेळाची नसते. सिनेमा प्रेक्षकाकडून किती नियमांची उधारी मागतो, यावर सगळं अवलंबून असतं. एक नियम मागणारा सिनेमा कोणालाही चालतो. दहा मागणारा फक्त शौकिनांचा.

'लगान' (२००१) ही उधारी स्वतःच फेडतो. गावकऱ्यांनाच क्रिकेट माहीत नाही, त्यामुळे इंग्रज कॅप्टन रसेलची बहीण एलिझाबेथ त्यांना शिकवते तेव्हा प्रेक्षकही त्याच वर्गात बसलेला असतो. इंग्रजांशी लागलेली पैजही धावांत मोजावी लागत नाही: हरलात तर तिप्पट लगान, जिंकलात तर तीन वर्षं माफ. शेवटचा झेल रसेल पकडतो, पण त्याचा पाय सीमारेषेच्या बाहेर पडलेला असतो. रेषेच्या आत की बाहेर, एवढंच बघायचं. दोष एकच, पण मोठा. सिनेमा पावणेचार तासांचा आहे आणि संघातल्या जवळजवळ प्रत्येकाला सामन्यात आपापला वाटा मिळतो, त्यामुळे सामन्याच्या मधल्या भागात खेळाची आवड नसलेला माणूस हमखास मोबाइल हातात घेतो. सामना सुरू होण्याआधी थांबवून उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिला तर काही बिघडत नाही.

नवख्यांसाठी सगळ्यात चोख बांधलेला सिनेमा मात्र 'चक दे! इंडिया' (२००७). इथे लागणारा नियम एकच: हॉकीतला पेनल्टी स्ट्रोक. गोलपासून ६.४ मीटरवर चेंडू ठेवलेला, समोर एकटी गोलरक्षक, बाकी सगळे लांब. सुरुवातीलाच नायक कबीर खानचा स्ट्रोक चुकतो आणि त्याची कारकीर्द तिथेच संपते. शेवटी तो प्रशिक्षक असलेल्या महिला संघाच्या अंतिम सामन्याचा निकाल पुन्हा स्ट्रोकवरच लागतो, फक्त या वेळी आपली माणसं गोल वाचवण्याच्या बाजूला आहेत. तीच क्रिया दोनदा, उलट्या बाजूंनी. त्यामुळे शेवटी कोणी काही समजावून सांगावं लागत नाही. प्रेक्षक ते अडीच तासांपूर्वीच शिकून बसलेला असतो.

मधल्या भागात तर नियमही लागत नाही. संघातली कोमल प्रीतीला पास देत नाही, एवढंच भांडण. हॉकीतलं डावपेचांचं काही न कळणाऱ्यालाही 'ती तिला चेंडू देत नाहीये' हे स्वच्छ दिसतं, आणि शेवटी ती देते तेव्हा त्या एका पासचं मोल गोलापेक्षा जास्त असतं. लिहिणाऱ्याने इथे खेळातली क्रियाच नातं सांगायला वापरली आहे. वेगळ्या रडारडीच्या दृश्यांची गरजच उरत नाही. मधले सामने भराभर उरकलेत, ते बरंच केलं.

एक सावधगिरी. हा सिनेमा पाहून कोणी उत्साहाने आजचा हॉकी सामना लावला तर गोंधळेल. सिनेमातल्या भाषणातली सामन्याची प्रसिद्ध सत्तर मिनिटं आता राहिली नाहीत; आंतरराष्ट्रीय सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ६० मिनिटांचा झाला आहे. बरोबरीनंतरचं शूटआउटही बदललंय: खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि त्याला गोल करायला ८ सेकंद मिळतात.

आता खरी परीक्षा: 'मनीबॉल' (२०११). बेसबॉलच्या बाबतीत मराठी प्रेक्षक जवळजवळ सगळाच नवखा, त्यामुळे इथे शौकीन आणि बिगरशौकीन एकाच बाकावर येतात. लागणारा नियम: फलंदाजाने चेंडू मारला नाही, पण गोलंदाजाने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले, तर फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो. याला 'वॉक' म्हणतात. बाजारात जोरदार फटके मारणाऱ्यांना प्रचंड पैसा मिळत होता, शांतपणे वॉक मिळवणारे स्वस्तात पडून होते. अमेरिकेतल्या ओकलंडच्या गरीब संघाने ते स्वस्तातले उचलले. सिनेमा एवढाच.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं मात्र नावांचा मारा आहे आणि नवखे प्रेक्षक बहुतेक तिथेच गळतात. तेव्हा डोक्यात एवढंच धरावं: तीन मोठे खेळाडू, जियाम्बी, डेमन आणि इसरिंगहाउसन, संघ सोडून गेलेत आणि तशी माणसं घ्यायला पैसा नाही. बाकी नावं वाहून जाऊ द्यावीत. यानंतर सिनेमा मैदानावर कमी आणि बंद खोल्यांत जास्त घडतो. जुने जाणकार टेबलाभोवती बसून खेळाडूच्या चेहऱ्याबद्दल, त्याच्या मैत्रिणीच्या रूपाबद्दल बोलतात आणि त्यावरून त्याची लायकी ठरवतात. नोकरभरतीच्या मुलाखतीत बसलेल्या कोणालाही हे टेबल ओळखीचं वाटेल. फोनवर खेळाडूंची अदलाबदल होते ते दृश्य तर निव्वळ बाजारातली घासाघीस. आणि गंमत म्हणजे नायक, संघाचा व्यवस्थापक बिली बीन स्वतःच सामना बघत नाही. त्याला ते सहन होत नाही. खेळ न बघणाऱ्याला आणखी काय हवं?

मैदानावरचा एकच प्रसंग पूर्ण दाखवलाय, ४ सप्टेंबर २००२ चा. सलग विसावा विजय हवा असतो, ११-० ची आघाडी घसरत ११-११ होते आणि संघातला हॅटबर्ग चेंडू कुंपणापार मारतो. चेंडू कुंपणाबाहेर गेला की काय होतं हे कोणालाही सांगावं लागत नाही. बेसबॉलचे जाणकार या सिनेमावर वैतागतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे: त्या संघाचा मोठा आधार झिटो, हडसन, मल्डर ही गोलंदाजांची तिकडी होती, त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तेहादाही याच संघातला, आणि पडद्यावर या चौघांना जेमतेम जागा आहे. पण ती जागा दिली असती तर आणखी चार नियम समजावावे लागले असते. जाणकाराला जिथे खटकतं, नेमकं तिथेच नवख्याचं फावतं.

याच्या उलट १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकावरचा '८३' (२०२१). मेहनत प्रचंड. खेळाडूंच्या लकबी, पोशाख, एकेक झेल जसाच्या तसा उभा केलाय. मोहिंदर अमरनाथ स्वतः आपल्या वडिलांच्या, लाला अमरनाथांच्या भूमिकेत आहेत. पण हा आनंद ओळखीचा आहे. अंतिम सामन्यात कपिलने मागे धावत वेस्ट इंडीजच्या रिचर्ड्सचा झेल घेतला की शौकिनाच्या अंगावर काटा येतो, कारण १८४ धावांचं तुटपुंजं लक्ष्य, रिचर्ड्सचा धडाका आणि तो टिकला असता तर काय झालं असतं, हे सगळं त्याला आधीच पाठ असतं. नवख्याला दिसतो एक झेल. छान झेल, पुढे? झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ आणि नंतर कपिलच्या नाबाद १७५ हा भाग थोडा लागू पडतो, कारण पडझड आकड्यांशिवायही दिसते. बाकी सिनेमा नवख्याने एकट्याने पाहू नये. शेजारी सामना पाठ असलेलं कोणीतरी हवं, आणि त्याने दर दोन मिनिटांनी बोललेलं चालवून घ्यायला हवं.

'दंगल'मध्ये (२०१६) बाप मुलीला, गीताला, कुस्तीतला ५ गुणांचा डाव आधी समजावतो आणि शेवट त्याच डावावर येतो. बांधणी 'चक दे'चीच. मात्र २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या खऱ्या अंतिम लढतीत गीता फोगाट आरामात जिंकली होती, पडद्यावरची घालमेल रचलेली आहे. नवख्याला याने फरक पडत नाही, कुस्ती जाणणाऱ्याला पडतो. 'रॉकी'त (१९७६) तर गुणांचा प्रश्नच नाही: मुष्टियुद्धाच्या पंधरा फेऱ्या उभं राहायचं, बस. गडी हरतो तरी चालतं. 'रश'मध्ये (२०१३) मोटारशर्यतीतल्या लाउडा आणि हंट यांच्यातलं वैर पकडून ठेवतं, पण शेवटच्या शर्यतीतलं गुणांचं गणित डोक्यावरून जातं. तिथे लक्षात ठेवायचं ते एवढंच, की हंट अखेर एकाच गुणाने पुढे राहतो.

निवड करताना एक सोपी चाचणी लागू पडते. शेवटची दहा मिनिटं आवाज बंद करून लावा. समालोचकाशिवाय, फक्त चेहऱ्यांवरून कोण हरतंय हे कळलं तर सिनेमा नवख्याला चालेल. सारखा धावफलक बघावा लागला तर नाही. शेवट आधीच कळायला नको असेल, तर चाचणी दुसऱ्याकडून करून घ्यावी.