‘मंदी’पाशी अडखळणारा त्रैभाषिक शब्दकोश

बेळगावात हिशेबनिसाचे काम करणाऱ्याला दिवसभर तीन भाषांतून ये-जा करावी लागते. गिऱ्हाईक मराठीत बोलते, सरकारी कागद कन्नडमध्ये येतो आणि बँकेचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. त्यासाठी मी वर्षभर मोबाइलवरचे एक त्रैभाषिक शब्दकोशाचे अ‍ॅप वर्गणी भरून वापरत आहे. महसुलाचे शब्द ते चोख देते आणि कन्नड उच्चार ऐकवण्याची त्याची सोय उत्तम आहे. व्यापारी बोलीत मात्र ते कच्चे आहे.

उद्यमबागेतील एका फाउंड्रीचे मालक कर्जाच्या हप्त्यांना मुदत मागण्यासाठी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, यंदा लई मंदी हाय बघा, तसं लिवा बँकेला.” अ‍ॅपने ‘मंदी’ला ‘रिसेशन’ हा एकच प्रतिशब्द दिला आणि घाईत मी तोच पत्रात घातला. बँकेतल्या अधिकाऱ्याने पत्र वाचून शांतपणे विचारले, “रिसेशन कोणत्या तिमाहीपासून आहे?” मालक माझ्याकडे पाहू लागले. त्यांना एवढेच सांगायचे होते, की पंपाच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी घटल्या आहेत आणि तयार माल गोदामात पडून आहे.

अधिकाऱ्याचा प्रश्न रास्त होता. देशाचे एकूण उत्पादन लागोपाठ दोन तिमाही घटले, की ढोबळमानाने त्या स्थितीला अर्थशास्त्रात मंदी म्हणतात. आपल्याकडे 2020-21 मध्ये तसे घडले. पहिल्या अंदाजानुसार एप्रिल ते जूनमध्ये 23.9 टक्के आणि पुढच्या तिमाहीत 7.5 टक्के घट झाली होती. अमेरिकेत मात्र हा दोन तिमाहींचा ठोकताळा निर्णायक नाही. तेथे अर्थतज्ज्ञांची एक समिती तारखा ठरवते आणि तिने 2020 ची मंदी फेब्रुवारी ते एप्रिल अशी अवघ्या दोन महिन्यांची ठरवली. 1929 नंतरची पडझड याहून फार खोल, म्हणून तिला मराठीत ‘महामंदी’ म्हणतात. अ‍ॅप तिलाही नुसतेच ‘मंदी’ म्हणते, ही चूक अक्षम्य आहे.

बाजारातला ‘मंदी’ हा शब्द मुळात ‘तेजी’चा जोडीदार आहे. मार्केट यार्डात “बटाट्यात मंदी आहे” असे कोणी म्हणाले, तर बटाट्याचा भाव उतरला एवढाच त्याचा अर्थ असतो. आवक उदंड झाल्यानेही तो उतरतो आणि त्या दिवशी हॉटेलवाला खूशच असतो. शहापुरातला साडीचा दुकानदार तोच शब्द वापरतो तेव्हा भाव जागेवर असतात, फक्त गिऱ्हाईक फिरकत नाही. त्याच्या शेजारचा कन्नड व्यापारी अशा वेळी सरळ “व्यापार डल्” म्हणतो. कन्नडमध्ये भाव पडण्याला ‘बेले कुसित’ आणि अर्थव्यवस्था आकुंचन पावण्याला ‘आर्थिक हिंजरित’ असे वेगळे शब्द आहेत. मराठीत या दोन्हींना, आणि गिऱ्हाईक नसण्यालाही, ‘मंदी’च म्हणतात. सीमाभागासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या शब्दकोशाने हा फरक उदाहरणांसह दाखवायलाच हवा होता. अ‍ॅपमध्ये ‘मंदी’खाली एकही उदाहरण-वाक्य नाही. “मालाला उठाव नाही” हा रोजच्या तोंडातला वाक्प्रचार शोधला, तर ‘उठाव’ म्हणजे बंड एवढेच उत्तर मिळते, आणि ते पत्रात घातले असते तर बँकेने काय समजूत करून घेतली असती, देव जाणे.

शेवटी पत्र नव्याने लिहिले. ‘रिसेशन’ काढून मागणी घटल्याचे साध्या वाक्यात मांडले, मागच्या व चालू वर्षाच्या विक्रीचे आकडे जोडले आणि अर्ज दाखल करून घेतला गेला. अ‍ॅपच्या चालकांना मी चारही दुरुस्त्या कळवल्या. आभाराचा संदेश लगेच आला, नोंदी मात्र चार महिने झाले तरी तशाच आहेत. कन्नड उच्चारांसाठी वर्गणी पुन्हा भरणार आहे, पण बँकेच्या पत्रातला प्रत्येक शब्द आता मी मालकांना आधी वाचून दाखवतो.